एमएससी झाली, पण व्हिसाचं काय?

बऱ्याच फिजिओंचे व्हॉइस नोट आलेत. प्रश्न एकच: "ताई, यूकेत एमएससी झाली की नोकरी लागते ना?"

नाही हो. प्री-रजिस्ट्रेशन कोर्स असेल तर गोष्ट वेगळी, एरवी एमएससी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. इथे फिजिओथेरपिस्ट म्हणवून घ्यायला एचसीपीसीचं रजिस्ट्रेशन लागतं. आणि ते तुमच्या बीपीटीवरही मागता येतं, म्हणजे अर्ज नांदेडमध्ये बसूनही करता येतो. मी निघायच्या आधीच कॉलेजात खेपा घालून अभ्यासक्रम, क्लिनिकल तास, सगळं सही-शिक्क्यानिशी घेतलं. लीड्समधून ईमेलवर क्लार्कला विनवण्या करून बघा, मग कळेल!

घाई का? ग्रॅज्युएट व्हिसा एकदाच मिळतो, वाढत नाही. एमएससीवाल्यांना आत्तापर्यंत 2 वर्षं होती. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केला तर 18 महिनेच. त्यातले काही रजिस्ट्रेशनची वाट बघण्यात गेले, तर मुलाखतींना उरतं काय? वर कर्जाचा हप्ता.

"केअर होम व्हिसा देईल" हे तर विसराच. 22 जुलै 2025 पासून केअर वर्करची परदेशातून भरती बंद झाली. आधीच इथे असलेल्यांना अटींवर वाट ठेवलीय, तीही जुलै 2028 पर्यंत. तिथे काम जरूर करा, घरभाडं निघतं. पण पुढची सगळी गणितं त्यावर मांडू नका.

आणि कुणी "स्पॉन्सरशिपचे इतके लाख" म्हणालं, तर फोन ठेवा. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी साइटवर फुकट आहे. आधी तिथे नाव शोधा.