पंखांचा खर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज बोलायचं आहे ते न उडणाऱ्या पक्ष्यांबद्दल, आणि त्या निमित्तानं माझ्या एका जुन्या चुकीबद्दलही.

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. शहामृगाचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं : पंख वापरले नाहीत, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, माही आजी दरसाल कोंबड्यांचे पंख कापते. त्या उडतच नाही. पण पिल्लाइले तं पुरेच पंख येते!” वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं.

मुलाचं बरोबर होतं. आईनं आयुष्यभर काय वापरलं आणि काय नाही, याची नोंद अंड्यात होत नाही. मग पंख जातात कसे?

उडणं ही फार महागडी गोष्ट आहे. कबुतराच्या छातीवरचे उडण्याचे स्नायू त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, किंबहुना जास्तच भरतात. एवढं मांस पोसायचं तर रोज दाणा हवा. आपल्याकडे हा खर्च परवडतो, कारण मुंगूस, रानमांजर, कोल्हा सदैव मागावर असतात. पवनारला धाम नदीच्या काठी लाजरी पाणकोंबडी पाहा. दिवसभर ती चालतच असते, उडायचा तिला कंटाळाच. पण कुत्रं अंगावर आलं की पंखच तिचा जीव वाचवतात. आखूड पंखाचं एखादं पिल्लू इथं जन्मलं, तर त्याचा वंश पुढे चालणं कठीण.

आता हेच पिल्लू अशा बेटावर जन्मलं, की जिथं शिकारी प्राणीच नाहीत, तर? तिथं आखूड पंखानं काही बिघडत नाही. उलट स्नायूंवरचं अन्न वाचतं, ते अंड्यांच्या कामी येतं. अशांची पिल्लं जास्त जगतात आणि आईबापांचे आखूड पंख घेऊनच जन्मतात. पाणकोंबडीच्या कुळात हे सोपंही आहे. या पिल्लांचे पाय आधी भरतात, पंख मागाहून. पंखांची वाढ जरा लवकर थांबली, की झालं.

याच कुळातल्या एका पक्ष्यानं हे दोनदा करून दाखवलं आहे. हिंदी महासागरात अल्डाब्रा नावाचं प्रवाळबेट आहे. मादागास्करहून तिथं उडत आलेले पक्षी कालांतरानं उडेनासे झाले. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला, बेट बुडालं. ज्यांना उडता येत नव्हतं ते जाणार कुठे? सगळे संपले. पुढे पाणी ओसरलं, मादागास्करहून पुन्हा तेच पक्षी आले आणि त्यांच्याही वंशजांचं उडणं गेलं. हाडांच्या तुलनेतून २०१९ साली हे सिद्ध झालं. ते पक्षी आजही तिथं चालत फिरतात.

मॉरिशसचा डोडो तर मुळात कबुतराच्याच कुळातला. माणूस आणि त्याच्या जहाजांतून डुकरं, उंदीर उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो नामशेष झाला.

शहामृगाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्याभोवती शिकारी भरपूर. त्यानं पंखांऐवजी पायांवर भिस्त ठेवली. शंभर किलोंहून जड देह उडवणं अशक्यच, पण तो ताशी सत्तर किलोमीटर धावतो. आणि हा पक्षी आपल्याला परका नाही बरं का! चाळीसगावजवळच्या पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले, नक्षी कोरलेला एक तुकडाही. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहेत. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशा कवचांतून मिळालेल्या डीएनएनं २०१७ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं, की ती खरोखरच शहामृगाची होती.

हे सारं मी निवृत्तीनंतर वाचलं. मध्यंतरी सेलूच्या बाजारात तो मुलगा भेटला. आता दोन मुलांचा बाप आहे. त्याला म्हटलं, “बाबा रे, त्या दिवशी तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.” त्याला आधी काही आठवेना. मग आठवलं तसा हसला. मी विचारलं, “कोंबड्यांचे पंख अजून कापता का रे?”

“नाही सर,” तो म्हणाला, “आजी गेली अन्‌ मी कुंपणच उंच केलं.”