सायकलचे चाक : ॲल्युमिनियम की कार्बन?

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक दिसावयास सारखेच गोल. परंतु त्यांचे धर्म परस्परविरुद्ध आहेत. गाडीच्या चाकातील लाकडी आरे खांबाप्रमाणे भार तोलतात. सायकलच्या बारीक तारा खांबासारख्या उभ्या राहिल्या तर तत्काळ वाकतील. म्हणून त्या आधीच ओढून ताणलेल्या असतात, आणि चाकाचे सारे सामर्थ्य या ताणात असते. स्वार बसला म्हणजे जमिनीकडील तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकेच. कोणत्या तारेस किती पीळ द्यावा हे जाणणाराच चाकाचा खरा कारागीर होय.

या तारांना बाहेरून धरून ठेवते ती रिम. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या रिमा लाकडाच्या असत. १९३४ साली आंतोनँ मान्य या फ्रेंच स्वाराने तूर द फ्रान्स ही शर्यत माविक कंपनीच्या ड्युराल्युमिन रिमांवर जिंकली. त्या रिमांना लाकडासारखा रंग दिला होता, असे सांगतात. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंनी शर्यतीतून लाकडाचे उच्चाटन केले. रिम एका कारखान्यात होई, तुंबा दुसऱ्या, तारा तिसऱ्या. आणि दुकानातला कारागीर त्यांतून चाक बांधी. चाक आऊट झाले तर तोच किल्ली फिरवून ते सरळ करी.

१९९० नंतरच्या दशकात कारखान्यातच पूर्ण बांधलेली चाके विकण्याची रीत बळावली. पाठोपाठ कार्बनचा प्रसार झाला. राळेने भिजविलेले कार्बन-तंतूंचे तुकडे साच्यात थरावर थर रचावयाचे आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करावयाचे, अशी ही कृती. ही रिम उंच केली तरी हलकी राहते, आणि उंच रिम वारा सहज कापते. दोष होता तो ब्रेकचा. लांब उतारावर ब्रेकच्या रबरांच्या घर्षणाने रिम तापे. ॲल्युमिनियम ती उष्णता चटकन पसरवून टाकी. कार्बनमधील राळ मात्र मऊ पडण्याचे भय असे. डिस्क ब्रेकने हे घर्षण तुंब्याजवळच्या तबकडीवर नेले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने रस्त्यावरील शर्यतींत त्यास रीतसर मान्यता दिली, आणि ॲल्युमिनियमच्या बाजूचे एक मोठे कारण नाहीसे झाले.

उद्योगाचे केंद्रही हलले. कार्बनच्या रिमा मोठ्या प्रमाणात तैवान व चीन येथे होऊ लागल्या. ज्या माविकने धातूची रिम विजयी केली, तिच्यावर २०२० साली न्यायालयाच्या देखरेखीखाली जाण्याची पाळी आली. त्याच वर्षी तिला नवा मालक मिळाला.

नवल असे की, यंत्रयुगाचा पुतळा वाटणाऱ्या कार्बनच्या रिमेचे थर बहुधा माणसाच्या हातांनीच रचले जातात. म्हणजे हात नाहीसा झाला नाही. तो गिऱ्हाइकापासून दूर गेला. धातूला पोचा पडला तर डोळ्यांस दिसतो, आणि निकामी रिम वितळवून धातू पुन्हा कामी येतो. कार्बनची चीर आत दडून राहू शकते, आणि त्याचे तंतू राळेपासून सोडविणे कठीण.

क्षणाच्या अंतराने हार-जीत ठरते त्या शर्यतवीराने कार्बन खुशाल घ्यावा. परंतु शाळा, बाजार आणि कचेरी गाठावयाची त्याने वजन पाहण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे बिघडले, तर आपल्या गावात दुरुस्त कोण करील? या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य कोपऱ्यावरच्या दुकानात अद्याप बसलेला आहे. त्याच्या हाती काम राहिले, तरच त्याची विद्या राहील.