शहाण्णव अर्धच्छेद
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. विद्वत्तेचा दावा नाही. केवळ एका संख्येविषयी चार शब्द बोलणार आहे.

अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांच्या संख्येच्या संदर्भात ती येते. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा सोळा, हा दुसरा. सोळाचा २५६, हा तिसरा. याच क्रमाने पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ आणि सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६ येतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजे ती संख्या. तिचे अंक एकोणतीस :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

सूत्रातील तिची ओळख मात्र सुटसुटीत आहे : जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती. कापड निम्मे दुमडावे, पुन्हा निम्मे दुमडावे, तसे करत शेवटी नेमका एक उरतो. मध्ये कोठेही बाकी राहत नाही.

सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ टीकेत अशा निम्मे करण्याच्या मोजणीसाठी ‘अर्धच्छेद’ हा शब्द योजला आणि नियम दिला : गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज. येथे ३२ अधिक ६४, म्हणजे ९६. युरोपात नेपियरने लॉगरिदमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मुळाशीही गुणाकाराची बेरीज करण्याचाच विचार आहे. ‘धवला’ १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या अमरावतीहूनच छापली जाऊ लागली, याचा आपणांस अभिमान असावा.

गेल्या चातुर्मासात हा गुणाकार मी वहीवर स्वतः केला. कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत. मग नवाचा ताळा घेतला. पाचव्या वर्गाचा चार, सहाव्याचा सात. चार साते अठ्ठावीस, म्हणजे एक. माझ्या उत्तराचाही एकच आला. समाधानाने वही मिटली. पुढे छापील अंकांशी ताडून पाहिले, तेव्हा उत्तर उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झालेली आढळली. ताळा जुळला होता, उत्तर चुकले होते.

तेव्हा तरुणपणची एक गोष्ट आठवली. एका संस्थेची खजिनदारी माझ्याकडे होती. रोकड २७० रुपयांनी कमी भरली. मी पावत्या फाडणाऱ्या वृद्ध मुनीमजींवर संशय घेतला. आठ दिवसांनी कळले की ३६० च्या पावतीची नोंद मीच ६३० अशी केली होती. अंक उलटले की फरकास नवाने भाग जातो, हे कॉलेजात शिकलो होतो. २७० लाही तो जातो. परंतु हिशेबाच्या आधी संशय आला. मी क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, “शेठ, आधी वही पाहावी, मग माणूस.”

ती एकोणतीस अंकी संख्या माणसांची आहे. आपल्या चुकीच्या नोंदीने त्यातील एकही माणूस आपल्या मनातून उणा होऊ नये, एवढी दक्षता संस्थेने पुढील पन्नास वर्षेही बाळगावी.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.