औषधाच्या खिडकीवरून : हृदय, कोलेस्टेरॉल आणि झाडपाला

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नामपल्ली येथे भरलेल्या सभेतील भाषण)



आजच्या ह्या मंगलप्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मान आमचा नसून आपल्या धर्मादाय दवाखान्यातील औषधाच्या खिडकीचा आहे, असे आम्ही समजतो. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. चिठ्ठीवर लिहिलेले औषध मोजून द्यावे, ते कसे घ्यावे हे मराठीत, हिंदीत किंवा मोडक्यातोडक्या तेलुगूत समजावून सांगावे, एवढेच आमचे काम. पण खिडकीवर बसणाऱ्याला एक गोष्ट अशी कळते, की जी आतल्या डॉक्टरसाहेबांस पुष्कळदा कळत नाही. आत न विचारलेला प्रश्न माणूस बाहेर येऊन खिडकीवर विचारतो.

तो प्रश्न बहुधा एकच असतो. पिशवीतून एक बाटली निघते आणि आवाज जरा खाली येतो : "भाऊ, हे झाडपाल्याचं आहे. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात. घेतलं तर अपाय नाही ना?"

आमच्या एका गुरुजींनीही हेच विचारले होते. ते मूळचे नांदेडकडचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्याने जी अनेक मराठी कुटुंबे ह्या शहरात स्थिरावली, त्यांतलेच हे एक. हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याने गुरुजींना स्टेंट बसविलेला होता. जावयाने प्रेमाने अर्जुनसादड्याच्या सालीच्या कॅप्सूल पाठविल्या होत्या. आम्ही बाटली उलटसुलट पाहिली आणि म्हणालो, "घ्या गुरुजी, झाडाचीच साल आहे, काही होत नाही." सात महिन्यांनी त्यांना दुसरा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाची शक्ती पूर्वीची राहिली नाही. मागाहून कळले, की कॅप्सूल सुरू केल्या त्याच आठवड्यात त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती. "रिपोर्ट चांगला आला होता, मग दोन दोन औषधे कशाला?" असा त्यांचा साधा हिशेब.

गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु रिपोर्ट चांगला आला होता तो त्या गोळीमुळेच, आणि गोळी थांबली की थोड्या आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा पूर्वपदावर येते, हे आम्हांस ठाऊक होते. गुरुजी काय सुरू करीत आहेत, ते आम्ही पाहिले. काय बंद करीत आहेत, ते विचारलेच नाही. ती चूक आमची होती. म्हणूनच आज हा विषय आम्ही निवडला आहे.

प्रथम 'वनस्पती' ह्या शब्दाचाच विचार करू. आपल्या आईआजींच्या स्वयंपाकघरात 'वनस्पती' म्हणजे काय होते? डब्यातले गोठविलेले तूप! तेही झाडापासूनच आलेले, वनस्पतिज तेलांवर प्रक्रिया करून बनविलेले. त्याच प्रक्रियेत जी ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात, ती हृदयास घातक ठरली. आणि जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपांत त्यांचे प्रमाण शेकडा २ पेक्षा अधिक असू नये असा नियम झाला. तेव्हा झाडापासून आले म्हणून ते निरुपद्रवी, हे म्हणणे टिकत नाही. उलट बाजूही पाहावी. हृदयरोग्यांना दिली जाणारी स्टॅटिन जातीची औषधे निघाली कोठून? जपानचे अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून असे पहिले द्रव्य शोधले आणि १९७६ मध्ये त्याविषयी प्रसिद्ध केले. बाजारात आलेले पहिले लोव्हास्टॅटिन हेही बुरशीतूनच मिळाले. निसर्ग एका बाजूस आणि औषध दुसऱ्या बाजूस, अशी भिंत मुळी नाहीच.

आपल्याकडची सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष ह्या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. तिचा गुण खराच होता. पण काही रुग्णांचे मन त्याने खिन्न होते, हा दोषही मागाहून कळला. ज्या वस्तूत गुण करण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात अवगुण करण्याचेही असते. "अपाय तर काही नाही" असे जिच्याविषयी निर्धास्तपणे म्हणता येते, तिचा उपाय तरी कितीसा होणार?

आता बाटली हाती घेतली असता तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची विनंती आहे. पहिला प्रश्न : किती?

ह्यासाठी आपल्याच शहरातील उदाहरण देतो. तार्नाका येथील राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादेस आली. तेथील शास्त्रज्ञांनी मेथीवर प्रयोग केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इन्शुलिनवर असणाऱ्या मधुमेही रुग्णांना दहा दिवस जेवणातून मेथीची पूड दिली, तेव्हा साखरेबरोबर रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल व घातक एलडीएल हीही उतरली. हे ऐकून आपणांस अभिमान वाटेल, आणि वाटावाही. पण पूड किती होती? तेल काढून टाकलेली मेथीपूड, दिवसाला १०० ग्रॅम! बाजारातील मेथीच्या कॅप्सूलमध्ये अर्धा ग्रॅम पूड धरली, तर तेवढ्यासाठी दिवसाला २०० कॅप्सूल गिळाव्या लागतील. प्रयोग खरा, मेथीही खरी. बाटलीवरचा दावा मात्र त्या प्रयोगाच्या खांद्यावर बसून आलेला. कोणी घरी १०० ग्रॅम मेथी खाऊ लागू नये, हेही सांगणे प्राप्त आहे. तो प्रयोग देखरेखीखाली झाला होता, आणि मधुमेहाच्या औषधावर असणाऱ्याची साखर त्याने फार खाली जाऊ शकते.

प्रमाणाच्या कसोटीस उतरलेली वस्तू म्हणजे इसबगोल. बेगमबाजारात कोणत्याही किराणा दुकानी मिळणारा हा भुसा आतड्यात पाण्याने फुगून बुळबुळीत होतो आणि पित्तातील आम्ले धरून शरीराबाहेर नेतो. ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुसा नियमाने घेतला, तर एलडीएल साधारण शेकडा ५ ते १० उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्याच्या वेष्टनावर हृदयाविषयीचा दावा करण्यास परवानगी दिली, ती अशाच पुराव्यावर. भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, आणि इतर औषधांत व त्यात काही तासांचे अंतर ठेवावे. ओट्स, जव, राजमा, हरभरा ह्यांतील विरघळणारा तंतू हेच काम करतो.

दुसरा प्रश्न : कोणी, कोणावर, कशाशी ताडून पाहिले?

गुग्गुळाची कथा ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या विवेचनाचा धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संशोधन केले आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. ह्याच बाई पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्या कामातून 'गुग्गुलिपिड' सिद्ध झाले, आणि आपल्याकडील चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. पुढे अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. तेथे एलडीएल उतरण्याऐवजी शेकडा ४ ते ५ वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. म्हणून सुश्रुत खोटा, असे आम्ही म्हणत नाही. सुश्रुताने एलडीएल मोजले नव्हते आणि आपल्या गोळीची जाहिरातही केली नव्हती. एवढेच, की आज छातीवर हात ठेवून गुग्गुळाची हमी देता येत नाही. शिवाय कच्छ-राजस्थानातील हे झुडूप डिंकासाठी चिरा पाडून पाडून अतिसंकटग्रस्त झाले आहे.

२०२२ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक चाचणी सांगतो. अमेरिकेत सुमारे २०० माणसांना गटागटाने २८ दिवस बाजारात मिळणारी पूरके दिली : लसूण, हळद, दालचिनी, वनस्पतिज स्टेरॉल, माशाचे तेल आणि लाल यीस्टचा तांदूळ. एका गटास निर्गुण गोळी, आणि एकास रोसुव्हास्टॅटिनची अवघी ५ मिलिग्रॅमची गोळी. ह्या गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले. पूरकांपैकी एकही निर्गुण गोळीहून सरस ठरले नाही. भाजीतील लसूण व आमटीतील हळद ह्यांवर हा काही आक्षेप नव्हे. ती चवीने खावी. फक्त तिच्याकडून गोळीच्या कामाची अपेक्षा धरू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा : कशाच्या जोडीला, आणि कशाच्या जागी?

जोडीला घ्यावयाची म्हटली तरी डॉक्टरांस सांगूनच घ्यावी. लाल यीस्टच्या तांदळात लोव्हास्टॅटिनच असते. स्टॅटिनच्या गोळीबरोबर तो घेणारा नकळत दुप्पट औषध घेतो, आणि स्नायू व यकृत ह्यांना त्रास होण्याचा संभव वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर लसणाच्या कॅप्सूल घेतल्यास रक्तस्रावाचे भय असते. आणि जागी? झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसविलेल्या माणसाच्या गोळीची जागा घेईल असे एकही झाडपाल्याचे पूरक आज सिद्ध झालेले नाही. अर्जुनसादड्याचा मान आयुर्वेदात मोठा आहे, त्यावर लहान प्रयोगही झाले आहेत. परंतु गुरुजींची बंद झालेली गोळी भरून काढील इतका पुरावा त्याच्यापाशी नाही. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांस सांगावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. आपल्या मनाने मात्र ती सोडू नये.

कायद्यानेही आपणांस थोडी मदत केली आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने हृदयविकार बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई आहे. आणि आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर, ती औषधी उपयोगासाठी नाही, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती इंग्रजीत असते आणि अक्षर बारीक असते, म्हणून नातवाकडून वाचून घ्यावी.

विश्वस्त मंडळींस आमचे एकच मागणे आहे. महोत्सवानिमित्त दवाखान्याला पुष्कळ वस्तू भेट मिळत आहेत. त्यांत खिडकीवर लावण्यास एक साधी पाटी मिळावी. तिच्यावर मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी अशा चार भाषांत दोनच प्रश्न असावेत : "नवीन काय सुरू केले? जुने काय बंद केले?" आणि येताना घरातील सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणाव्यात, कोणीही रागावणार नाही.

गुरुजी अजून येतात. आता स्टेशनावरून चालत येणे त्यांना जमत नाही, रिक्षाने येतात. परवा त्यांनी पुन्हा एक बाटली खिडकीतून आत सरकविली आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच म्हणाले, "गोळी चालू आहे, भाऊ. आता ह्याचं सांगा." आम्ही ती बाटली घेऊन प्रथम आत डॉक्टरसाहेबांकडे गेलो.