उतारवयांतील शेजार



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं एका घरगुती विषयावर चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे. आपल्या धर्मग्रामांतील कित्येकांचीं मुलें परदेशीं वा दूरच्या शहरीं स्थायिक झालीं आहेत. जुनें घर आवरून ज्येष्ठांसाठीं बांधलेल्या वसाहतींत राहावयास जावें काय, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. जावयाचें तर भिंतींच्या आधीं शेजार पाहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

भिंतींची काळजी आतां शासनही घेतें. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं अशा वसाहतींसाठीं नियम घालून दिले. दरवाजे निदान ९०० मिलिमीटर रुंद असावे, एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट असावी, स्नानगृहांत धरावयास दांडे व न घसरणारी फरशी असावी. करारपत्रांत हें सर्व उतरलें आहे कीं नाहीं, तें अवश्य पाहावें. परंतु त्या रुंद दरवाज्यांतून विचारपूस करावयास कोण येईल, हें कोणताही नियम ठरवूं शकत नाहीं.

अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतीं डेल वेब या बांधकाम-व्यावसायिकानें १९६० च्या १ जानेवारीस सन सिटी ही ज्येष्ठांची वसाहत खुली केली. घरें विकावयास काढण्यापूर्वींच त्यानें दुकानें, गोल्फचें मैदान व लोकांनीं एकत्र जमावयाचें केंद्र बांधून ठेविलें होतें. उतारवयांत मनुष्यास घराइतकीच संगतीची गरज असते, हें त्या व्यापाऱ्यानें ओळखिलें होतें.

मग शेजार पारखावा कसा? विक्रेत्यासह एकदां फेरी मारणें पुरेसें नाहीं. एखाद्या साध्या दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास जावें. बांकांवर माणसें बोलत बसलीं आहेत, कीं सर्व दारें बंद आहेत? मागें कोणी आजारी पडलें, तेव्हां पेज कोणीं नेऊन दिली, असें विचारावें. उत्तरांत एखाद्या शेजाऱ्याचें नांव आलें, तर तें ठिकाण चांगलें. केवळ कचेरीचा दूरध्वनि क्रमांक मिळाला, तर आणखी चौकशी करावी. आपली भाषा बोलणारें कोणी आहे काय, ख्रिस्तमंदिर किती दूर आहे, हेंही पाहावें. शक्य असल्यास प्रथम दोन-तीन महिने भाड्यानें राहावें. तोंवर वडिलोपार्जित घर विकूं नये.

पतिपत्नी मिळून घर निवडतात. परंतु बहुधा दोघांपैकीं एकास पुढें तेथें एकटें राहावें लागतें. शेजार निवडावयाचा तो त्या मागें राहणाऱ्यासाठीं.

तेथें गेल्यावर कोणी येईल म्हणून वाट पाहत बसूं नये. पहिल्या आठवड्यांतच आपण होऊन शेजारचें दार ठोठवावें. आणि जे ज्येष्ठ कोठेंही जाणार नाहींत, याच आळींत एकटे राहणार आहेत, त्यांच्या दारीं आपण आज सायंकाळींच जावें, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.