२५ वर्षांचे पॅनेल, ५ वर्षांची हमी
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. विहिरीवरच्या सौरपंपाच्या पेटीवर बोलायचे आहे.

जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठेही जा, शेतात निळी पॅनेले दिसतात. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप'. शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. दिवसा पाणी मिळते, रात्री लाइटीसाठी विंचूकाट्यात जावे लागत नाही. चांगलेच झाले. पण हिशेब पुरा करू. पॅनेल २५ वर्षे चालायचे. पुरवठादाराची देखभाल ५ वर्षे. मग पुढची २० वर्षे कोणाच्या भरवशावर?

जुनी मोटार जळाली की आपण ती तालुक्याला नेऊन भरून आणतो. एका दुकानात भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानात. स्टार्टर कोणत्याही कंपनीचा चालतो. सौरपंपाचा कंट्रोलर मात्र छोटा संगणकच आहे. कार्डात काय भरले आहे ते कंपनीला ठाऊक. ए.सी. मोटार असेल तर दुसरा ड्राइव्ह लावून निभावता तरी येते. ब्रशलेस डी.सी. मोटार असेल तर तिची आणि कंट्रोलरची जोडी बहुधा ठरलेली. कार्ड गेले की कंपनीच्या माणसाची वाट पाहायची, आणि हरभऱ्याची पाळी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

संगणकवाल्यांनी हा खेळ पूर्वीच खेळून पाहिला आहे. १९८१ साली आय.बी.एम.ने आपला छोटा संगणक विकायला काढला तेव्हा त्याच्या जोडणीची माहिती छापून दिली. मग इतरांनी त्यात बसतील अशी कार्डे केली, तसेच संगणकही केले, आणि भाव उतरले. १९८७ साली त्याच कंपनीने नवी जोडणी आणली. जुनी कार्डे तिच्यात बसेनात, नवी बनवायची तर परवान्याचे पैसे मोजा. दुसऱ्याच वर्षी नऊ प्रतिस्पर्धी एकत्र आले. त्यांनी जुनी कार्डेही चालतील अशी सामायिक जोडणी जाहीर केली. आय.बी.एम.ची बंद जोडणी पुढे मागे पडली. तिथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकान होते, म्हणून हे झाले.

कंपन्या म्हणतील, यादीतला पुरवठादार तुम्हीच निवडता. खरे आहे, पण त्या एका दिवसापुरते. पंप बसला की सुट्या भागांच्या बाजारात एकच दुकान उरते. चारचाकी गाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमके हेच म्हटले. आपल्या गाडीच्या भागांपुरती प्रत्येक कंपनी मक्तेदार आहे. ती भाग खुल्या बाजारात मिळू देत नाही, बाहेरच्या मेकॅनिकला माहिती देत नाही. १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड झाला. पुढे अपिले झाली, तो भाग वेगळा. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेती अवजारेही होती. गाडीवाले आयोगापर्यंत गेले. आपण अजून महावितरणच्या दारात तक्रार क्रमांक घेऊन उभे आहोत.

कंपन्यांशी आपले भांडण नाही. यंत्र हवेच आहे, नफाही त्यांनी खुशाल कमवावा. पण पैसा शेतकऱ्याचा आणि सरकारचा आहे, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही आहे. पुरवठादार यादीत घेतानाच सरकारने लिहून घ्यावे: सुट्या भागांची किंमत जाहीर करा, मुदत संपताच सेटिंगचा पासवर्ड शेतकऱ्याच्या हाती द्या, जोडणीचा नकाशा तालुक्याच्या मेकॅनिकला द्या, आणि मोटार दुसऱ्या कंट्रोलरवर चालेल अशी ठेवा. शेवटच्या अटीला कंपन्या सर्वांत जास्त विरोध करतील. म्हणून तीच आधी मागायची.

ज्यांनी अजून पुरवठादार निवडलेला नाही, त्यांनी मोटार ए.सी. की डी.सी. हे विचारल्याशिवाय निवडू नये. २०१९-२० मध्ये बसलेल्या पंपांची पाच वर्षे भरली आहेत. अशा शेतकऱ्यांनी कंट्रोलरवरची पाटी वाचून कंपनी, मॉडेल आणि पंप बसल्याची तारीख कागदावर लिहून पुढच्या तालुका बैठकीला आणावी. यादी तिथेच करू आणि महावितरणच्या अधीक्षक अभियंत्यांकडे नेऊ.