तीन शिट्ट्यांचं चित्र

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी निवेदकांनी माझी ओळख 'आपल्या बॅचचे चित्रकार' अशी करून दिली. ती जरा दुरुस्त करतो. नववीत, १९८३ साली, इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली हे खरं. पुढे बँकेत लागलो आणि जवळजवळ तीस वर्षं सहीशिवाय काही काढलं नाही. चित्रकलेचे सर समोर बसलेत, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर आम्हाला गणपती घाटावर न्यायचे. त्या पायऱ्यांवर मांडीवर पॅड घेऊन बसलेला मुलगा नंतर कुठे गेला, हे मलाही कळलं नाही.

पन्नाशीला आलो तेव्हा आईला शब्द दिला, तुझं तैलचित्र काढीन. मोठ्या हौसेने तीन बाय दोन फुटांचा कॅनव्हास आणला. ईझल, रंगांच्या नळ्या, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, सगळं आणलं. ईझल हॉलमध्ये लावलं. पाहुणे आले, काढून ठेवलं. रविवारी पुन्हा लावू म्हटलं, तर रविवारी दळण, बाजार, कुणाचं तरी लग्न. आई विचारायची, "अरे, माझं चित्र कधी? नवी साडी नेसून बसू का?" मी म्हणायचो, "जरा निवांत वेळ मिळू दे." दोन वर्षांनी नळ्या काढल्या, तर झाकणं घट्ट बसलेली. पक्कडीने फिरवायला गेलो, तर नळीच पिळली गेली.

त्या सुमारास वाचनालयातून अँथनी ट्रोलॉप या इंग्रज कादंबरीकाराचं आत्मचरित्र आणलं. नाव ऐकलेलं नव्हतं; माणूस टपाल खात्यात नोकरीला होता एवढ्यावर घेतलं. नोकरी सांभाळून त्याने कादंबऱ्यांचा ढीग घातला, एकूण ४७. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. हे वाचून कुणालाही न्यूनगंडच येईल. पण पुढे त्याने एक गंमत लिहिली आहे. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने आपल्या म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा दिले होते. म्हणजे एवढा शिस्तीचा माणूस, पण उठण्याचं काम त्याने स्वतःच्या निर्धारावर सोडलं नव्हतं!

माझ्याकडे मोतद्दार नाही, पण प्रेशर कुकर आहे. बायको सकाळच्या शाळेवर जाते, त्यामुळे कुकर माझ्याकडे. तो लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत साधारण दहा मिनिटं मी ओट्याशी नुसता उभा असायचो. आता कागद-पेन शोधायला बेडरूममध्ये गेलो, तर परत येणार नाही, हे मी मला ओळखून होतो. बँकेत काउंटरवर बॉलपेन दोरीने बांधलेलं असतं ना, तसं एक खिडकीच्या गजाला बांधलं. मिठाच्या बरणीशेजारी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवला. पन्नास पैशांना एक कार्ड. बिघडलं तर बिघडलं. चौदा बाय नऊ सेंटिमीटरच्या त्या जागेला घाबरायला होत नाही. बॉलपेन खोडता येत नाही, त्यामुळे खोडत बसण्यात वेळ जात नाही. विषय शोधायचा नाही, समोर असेल ते काढायचं. तिसरी शिट्टी झाली की थांबायचं. गावाला गेलो, आजारी पडलो, तर तो दिवस सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करायची नाही. भरपाईच्या नादात माझी योगासनं दोनदा बुडाली आहेत.

पहिला महिना कपाचे कान आणि सांडशी. वाईटच होते, सर. पण ओट्यासमोर बहुतेक वेळा बसलेली असायची आई, निवडण-टिपण करत. हळूहळू रोज तिचंच चित्र होऊ लागलं. ती स्थिर बसायची नाही. एक रेघ काढेपर्यंत हात लसणाच्या पुढच्या पाकळीवर गेलेला असायचा. कार्ड दाखवलं की म्हणायची, "नाक असं आहे होय माझं? ते मोठं चित्र काढ की." ही कार्डं तिने शेवटपर्यंत चित्रात धरलीच नाहीत.

मागच्या वर्षी श्रावणात आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी तारखेप्रमाणे सगळी कार्डं जमिनीवर मांडली. तिची २११ निघाली. सुरुवातीला ती जमिनीवर विळी घेऊन बसलेली आहे. संक्रांतीनंतर विळी नाही, सुरी आहे. होळीच्या सुमारास ती खुर्चीवर आली. चैत्रात मांडीवर गवारीचं ताट आहे, पण हात ताटाच्या कडेवर नुसते ठेवलेले. पुढच्या कार्डांत ताटही नाही. रोज दहा मिनिटं मी तिच्याकडे बघत होतो, बघून काढत होतो, आणि ती थकत चालली आहे हे मला दिसलं नाही. डॉक्टरांकडे नेलं ते थेट आषाढात. आधी नेलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर कार्डांत नाही. पण तिची बोटं कशी वळलेली होती, पदर कमरेला कुठे खोचलेला असायचा, ते आहे.

कॅनव्हास अजून कपाटामागे आहे, कोराच.

कार्डं बिस्किटांच्या डब्यात घालून आणली आहेत, मागच्या टेबलावर ठेवली आहेत. बटाटेवडे खाऊन झाल्यावर कृपया हात धुऊन मगच बघा. शेजारी पन्नासेक कोरी कार्डंही आहेत. जेवणाच्या रांगेत उभे आहात तोवर समोरच्या मित्राचं, मैत्रिणीचं, नाहीतर नुसत्या वाटीचं चित्र काढा. पहिलं कार्ड सरांनी घ्यावं, अशी विनंती. पेन टेबलाच्या पायाला बांधलेलं आहे. बँकेची सवय, जात नाही.